क्रॅनबेरी मारत नाही, चिकटू देत नाही

मे महिन्यात आमच्या पॅथॉलॉजी लॅबचं शटर सकाळी सातला वर जातं, तेव्हा पायरीवर चार-पाच जण आधीच बसलेले असतात. हातात रुमालात, वर्तमानपत्रात नाहीतर मिठाईच्या दुकानाच्या पिशवीत लपवलेली लघवीच्या नमुन्याची डबी. नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की या डब्या वाढतात, हे आमच्या शिपायालाही पाठ झालंय.

त्या दिवशी पहिल्या नंबरवर एक काकू होत्या. वय साठीच्या आसपास, वर्षभरात तिसरी खेप. मागच्या वेळचा कल्चर रिपोर्ट त्यांनी काउंटरवर ठेवला आणि त्याच्या शेजारी अर्ध्या किलोचं एक पाकीट. आत गडद लाल, सुरकुतलेले, तेलाचा हात लावल्यासारखे चकाकणारे दाणे. इतवारीच्या बाजारातून आणलेले.

"मॅडम, मी तं दोन महिन्यापासून रोज मूठभर खाऊन राहिली. सून म्हणे, क्रॅनबेरी खाल्ली का लघवीचं इन्फेक्शन होतच नाही. मंग हे काऊन झालं?"

मागे माणसं ताटकळत होती, म्हणून "रिपोर्ट घ्यायला याल तेव्हा बोलू," एवढंच म्हटलं. पण प्रश्न चोख होता. काकूंनी सांगितलेलं सगळं केलं होतं, पैसेही बऱ्यापैकी मोजले होते, आणि तरी त्या पुन्हा माझ्या काउंटरवर उभ्या होत्या. उत्तर दोन वाक्यांत बसणारं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ निस्तरू. लघवीला जळजळ झाली की आपण 'उन्हाळी लागली' म्हणतो. शब्द सुरेख आहे, पण तो दोन वेगळ्या दुखण्यांना एकच नाव देतो. उन्हात घाम भरपूर जातो, पाणी तेवढं पोटात जात नाही, मग मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात आणि लघवी थोडी, घट्ट, गडद पिवळी होते. ती जळजळते. यात जंतूंचा काही संबंध नसतो. दुसरं दुखणं म्हणजे खरा जंतुसंसर्ग. त्यातही जळजळच होते, त्यातही सारखं जावंसं वाटतं, म्हणून बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आजीने दिलेल्या धन्या-जिऱ्याच्या पाण्याने संध्याकाळपर्यंत बरी होणारी उन्हाळी बहुतेक वेळा पहिल्या जातीची असते. दुसऱ्या जातीचा निकाल कल्चरच लावतं.

ते कसं, हेही सांगून टाकते, कारण क्रॅनबेरीचं काम समजायला त्याचा उपयोग होतो. नमुना आला की तारेच्या एका बारीक कडीने त्यातला लिटरचा दहा लाखावा भाग घ्यायचा, म्हणजे एका थेंबाच्याही कितीतरी कमी, आणि निळसर हिरव्या जेलीसारख्या प्लेटवर रेघा ओढायच्या. प्लेट रात्रभर ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये. (मे महिन्यात आमची गच्ची इनक्युबेटरपेक्षा जास्त तापलेली असते, तो भाग निराळा.) सकाळी उघडून बघितलं आणि प्लेट पिवळी पडलेली, वर पिवळे गोल ठिपके दाटलेले दिसले, की बहुतेक वेळा ते ई. कोलाय नावाचे जंतू असतात. एक ठिपका म्हणजे मूळचा एक जंतू. शंभर ठिपके मोजले तर एका मिलिलिटरमध्ये एक लाख. जुना ठोकताळा असा, की याच्या वर गेलं तर संसर्ग पक्का धरायचा.

जाता जाता एक विनंती. नमुना दोन तासांत लॅबमध्ये आणा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. ई. कोलायला पोषक जागा मिळाली तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी घेतलेली डबी स्कूटीच्या डिकीत ठेवून आधी बँकेत जाऊन मग आमच्याकडे येणारे लोक आहेत. नागपूरच्या उन्हात डिकीचं जे होतं ते बघता त्या नमुन्यावर रिपोर्ट देताना माझा हात आखडतो.

चिकटणं हेच सगळं प्रकरण

ई. कोलाय मूळचा आपल्या आतड्यातला रहिवासी. तिथे तो निमूट राहतो. बाईच्या शरीरात मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, आणि त्याचं तोंड गुदद्वारापासून फार लांब नाही. पुरुषात हाच मार्ग वीस सेंटिमीटरच्या आसपास. त्यामुळे हा त्रास बायकांना कितीतरी जास्त होतो. जवळपास निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी लघवीचा संसर्ग होतोच. अस्वच्छतेचा शिक्का मारून घरात कुजबुजण्यासारखं यात काही नाही. ही शरीराच्या रचनेची गोष्ट आहे.

पण जंतू वर चढला म्हणजे आजार झाला असं नाही. दर काही तासांनी लघवीचा लोंढा येतो आणि मोकळा जंतू वाहून जातो. टिकायचं तर त्याला मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला धरून बसावं लागतं. त्यासाठी त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात, आणि तंतूच्या टोकाशी अस्तरावरच्या विशिष्ट साखरेला पकडणारा आकडा. दिवाळीनंतर धुऱ्यावरून चालत गेलात तर साडीच्या काठाला नाहीतर पँटच्या मोहरीला कुसळं लागतात ना, तसंच. कुसळ कापडाला धरलं की झटकून निघत नाही.

क्रॅनबेरी या आकड्यांच्या आड येते. तिच्यात प्रोअँथोसायनिडिन नावाची द्रव्यं असतात. नाव लांब असलं तरी चव ओळखीची आहे: जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, कच्चं केळं तोंडाला बांधून टाकतं, तो तुरटपणा याच घराण्यातल्या टॅनिनांचा. ही द्रव्यं सफरचंदात, द्राक्षात, ग्रीन टीमध्ये, डार्क चॉकलेटमध्येही असतात. मग क्रॅनबेरीचंच एवढं कौतुक का? फरक जोडणीत आहे. शिवणात एकेरी टाका आणि दुहेरी टाका असतो, तसं बहुतेक फळांत या रेणूंचे तुकडे एकाच बंधाने जोडलेले असतात, क्रॅनबेरीत काही ठिकाणी दोन बंधांनी. त्याला 'ए-प्रकार' म्हणतात. प्रयोगात लोकांना द्राक्षाचा रस, सफरचंदाचा रस, ग्रीन टी, चॉकलेट देऊन नंतरची लघवी तपासली, तेव्हा ई. कोलाय पूर्वीसारखाच चिकटत होता. क्रॅनबेरीनंतरच्या लघवीत मात्र त्याची पकड सैल झालेली दिसली.

हे ज्ञान तसं अलीकडचं. १९१४ साली ब्लेदरविक या शास्त्रज्ञाला दिसलं की क्रॅनबेरी खाल्ल्यावर लघवीत हिप्युरिक आम्ल वाढतं. क्रॅनबेरीत बेंझोइक आम्ल असतं, त्यापासून शरीर हे बनवतं. आपल्या संत्र्याच्या स्क्वॅशच्या बाटलीवर 'सोडियम बेंझोएट' लिहिलेलं असतं, ते याचंच भावंड. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं डॉक्टर समजत राहिले की क्रॅनबेरीने लघवी आंबट होते आणि जंतू मरतात. हिशेब मात्र जमत नव्हता. जंतूला जड जाईल इतकी लघवी आंबट करायला रोज जेवढा रस प्यावा लागेल, तेवढा कुणी पीत नाही. १९८४ मध्ये अँथनी सोबोटा यांनी जंतूंची चिकटण्याची ताकद मोजली आणि प्रश्नाचा रोखच बदलला. १९९८ मध्ये त्यामागची द्रव्यं म्हणून प्रोअँथोसायनिडिनांकडे बोट दाखवलं गेलं. हे रेणू मोठे असतात, आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत, आतड्यातले जंतू त्यांचे तुकडे करतात. प्रत्यक्ष लघवीत कोणता तुकडा हे काम करतो यावर अजून संशोधन चालू आहे.

काकू रिपोर्ट घ्यायला आल्या तेव्हा मी त्यांना आत बोलावून सेन्सिटिव्हिटीची प्लेट दाखवली. प्लेटभर जंतूंची पांढुरकी साय, त्यावर कागदाच्या छोट्या टिकल्या, प्रत्येक टिकलीत वेगळं अँटिबायोटिक. जे औषध लागू पडतं त्याच्याभोवती स्वच्छ गोल पडतो. दोन टिकल्यांभोवती काहीच नव्हतं, जंतू अगदी कडेला टेकून वाढलेले. म्हटलं, "हे गोल म्हणजे औषधाने जंतू मारले किंवा वाढूच दिले नाहीत ती जागा. क्रॅनबेरीचं काम या प्लेटवर दिसायचंच नाही. ती मारत नाही, चिकटू देत नाही. एकदा चिकटून वाढले की तिचा हात संपला." काकू म्हणाल्या, "म्हणजे चौकीदार आहे, पोलीस नाही." याहून चांगली उपमा मला सुचली नसती.

मग फायदा आहे की नाही?

आहे, पण सगळ्यांना नाही, आणि मोबाईलवर सांगतात तेवढा नाही.

१९९४ मध्ये अमेरिकेत १५३ वयस्क बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज ३०० मिलिलिटर क्रॅनबेरीचं पेय घेणाऱ्यांच्या लघवीत जंतू आणि पू सापडायचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तिथून बाजाराला जोर आला. नंतर कॉक्रेन या संस्थेने, जिचं कामच मुळी सगळे अभ्यास एकत्र करून चाळणी लावणं, हिशेब मांडला. २०१२ मध्ये २४ अभ्यास आणि ४,४७३ माणसं तपासून निष्कर्ष काढला, की फार काही हाती लागत नाही. मग २०२३ मध्ये पुन्हा चाळणी लावली, या वेळी ५० अभ्यास आणि ८,८५७ माणसं, आणि निकाल फिरला. वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांत धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी, मुलांमध्ये ५४ टक्क्यांनी, आणि वैद्यकीय उपचारांमुळे संसर्गाचा धोका वाढलेल्यांत ५३ टक्क्यांनी कमी. संस्था तीच, पद्धत तीच, माहिती वाढली म्हणून मत बदललं. मला हे प्रामाणिक वाटतं; पण शेजारच्या गल्लीतला माणूस याच गोष्टीवरून "शास्त्रज्ञांचं काही खरं नसतं" म्हणतो, त्याला काय करणार.

२६ टक्के म्हणजे किती, हे हातावर मोजू. समजा वारंवार त्रास होणाऱ्या शंभर बायकांपैकी वर्षात चाळीस जणींना पुन्हा संसर्ग होणार होता. क्रॅनबेरी नेमाने घेतली तर तीस जणींना होईल. दहा जणी वाचल्या, हे कमी नाही. पण तीस जणींना घेऊनही झालाच. काकू त्या तिसात असू शकतात, त्यात त्यांचं काही चुकलं असं नाही. 'वारंवार' याची व्याख्याही ठरलेली आहे: सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा.

ज्यांना फायदा दिसला नाही तेही त्याच अहवालात आहेत: वृद्धाश्रमात राहणारे म्हातारे, गरोदर बायका आणि ज्यांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही ते. २०१६ मध्ये वृद्धाश्रमातल्या १८५ बायकांना वर्षभर ताकदीच्या कॅप्सूल देऊन बघितल्या. काहीही फरक पडला नाही. आणि झालेला संसर्ग क्रॅनबेरीने बरा होतो, याला पुरावा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये कंपन्यांना पाकिटावर दावा लिहायची मुभा दिली, तीही अडखळतच: पूर्वी संसर्ग होऊन गेलेल्या निरोगी बायकांत धोका कमी होऊ शकतो, पुरावा मर्यादित.

क्रॅनबेरीच्या नावावर हृदय, दात, जठर, त्वचा असं बरंच काही खपवलं जातं. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूवर थोडा परिणाम दिसलेला आहे, दातांवरच्या जंतूंवर प्रयोगशाळेत दिसलेला आहे. बाकी लाल-जांभळ्या रंगाच्या कुठल्याही फळाबद्दल जे सांगतात तेच. क जीवनसत्त्वाचं म्हणाल तर ताज्या क्रॅनबेरीत १०० ग्रॅमला १४ मिलिग्रॅमच्या आसपास. आपला संत्रा त्याच्या कितीतरी पुढे, आणि आवळ्याशी तर तुलनाच नको.

पाकिटात नेमकं काय असतं

काकूंचं पाकीट मी उलटं करून वाचलं. दुसरा घटक साखर, तिसरा सूर्यफूल तेल. ताजी क्रॅनबेरी इतकी आंबट-तुरट असते की दुसरी उचलायला हात धजत नाही. तिच्यात १०० ग्रॅमला जेमतेम चार ग्रॅम साखर. म्हणून कारखान्यात आधी फळ चिरतात, त्यातला बराच रस काढून घेतात (तो रस म्हणून वेगळा विकायला), उरलेल्या सालगराला साखरेच्या पाकात मुरवतात, वाळवतात आणि दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तेलाचा हात फिरवतात. आपला आवळ्याचा मुरंबा आणि मोरावळा जी जातकुळी, तीच ही. फरक एवढाच की मुरंब्याला आपण गोड पदार्थ म्हणतो आणि याला औषध.

अशा वाळवलेल्या दाण्यांत १०० ग्रॅमला सुमारे ७० ग्रॅम साखर भरते. मूठभर म्हणजे चाळीस ग्रॅम धरले तर अठ्ठावीस ग्रॅम साखर, म्हणजे सात चमचे. दोन चमच्यांचा चहा पिणाऱ्या घरात हे साडेतीन कप झाले. काकूंना मधुमेह आहे. चहातली साखर त्यांनी चार वर्षांपूर्वी सोडली होती.

अभ्यासात जे वापरलं ते वेगळं होतं: रोज २४० ते ३०० मिलिलिटर रसाचं पेय, नाहीतर ठरलेल्या ताकदीच्या कॅप्सूल. बऱ्याच ठिकाणी दिवसाला ३६ मिलिग्रॅम प्रोअँथोसायनिडिन हे माप धरतात. म्हणून घ्यायचीच असेल तर डब्यावर 'पीएसी' (म्हणजे हेच प्रोअँथोसायनिडिन) किती मिलिग्रॅम आहे ते बघा. नुसतं 'क्रॅनबेरी अर्क ५०० मिलिग्रॅम' यावरून आत कामाचं द्रव्य किती ते कळत नाही. आणि परिणाम काही तासांचा, फार तर दिवसभराचा; आठवड्यातून दोनदा घेऊन चौकीदार ठेवला असं होत नाही. आमच्या लॅबमध्ये पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, करायला येणारे लोक असतात, हृदयाची झडप बदललेले, वॉरफरिन घेणारे. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांच्यासाठी क्रॅनबेरीबाबत इशारा निघाला होता. नंतरच्या अभ्यासांत धोका तेवढा मोठा दिसला नाही, पण रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीशी परस्पर खेळ नको. डॉक्टरांना विचारूनच. मुतखडा होऊन गेलेल्यांनीही तेच करावं.

दलदलीतलं फळ आणि नर्सरीतलं रोप

हे फळ मूळचं उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं. जमिनीसरशी सरपटणारी वेल, आंबट मातीची, वाळू आणि कुजलेल्या शेवाळाची दलदल तिला लागते, आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी. फुलाची खाली वाकलेली मान आणि पाकळ्यांची मागे वळलेली ठेवण करकोच्याच्या डोक्यासारखी दिसते म्हणून 'क्रेन-बेरी'. गोंदियाकडे धानाच्या बांधीत सारस बघितला असेल त्याला ही उपमा लगेच पटेल, तोही क्रेनच.

तिथल्या मूळ रहिवाशांना हे फळ गोऱ्यांच्या शेकडो वर्षं आधीपासून माहीत होतं. सुकवलेलं मांस कुटायचं, त्यात चरबी आणि क्रॅनबेरी घालून वड्या थापायच्या. पेमिकन म्हणतात त्याला. लांबच्या प्रवासात, कडक हिवाळ्यात हीच शिदोरी. बेंझोइक आम्लामुळे फळ मुळात टिकाऊ, त्यामुळे हे वाळवण महिनोन्‌महिने राहायचं. फळाचा लेप जखमेवर लावायचे, रसाने कापड-घोंगड्या रंगवायचे. पुढे देवमाशांच्या शिकारीला जाणारी जहाजं पिंपं भरभरून क्रॅनबेरी नेऊ लागली; हिरड्यांतून रक्त येण्याच्या स्कर्व्हीवर त्यांना हा उतारा सापडला होता. म्हणजे 'पारंपरिक उपयोग' म्हणून आज लघवीचा जो उपयोग पुढे करतात, त्याहून अन्न, रंग आणि लेप हे उपयोग कितीतरी ठळक होते.

१८१६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हेन्री हॉल यांच्या लक्षात आलं, की वाऱ्याने वाळू उडून पडलेल्या जागी वेल जास्त फोफावते, आणि तिथून शेती सुरू झाली. आज अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त पीक विस्कॉन्सिन राज्यातून येतं. काढणी बघण्यासारखी असते. शेतात पाणी सोडतात, यंत्राने वेली घुसळतात, आणि फळं सुटून वर तरंगतात, कारण प्रत्येक फळाच्या पोटात हवेच्या चार पोकळ्या असतात. याच पोकळ्यांमुळे चांगलं फळ उसळी मारतं. न्यू जर्सीतल्या जॉन वेब नावाच्या शेतकऱ्याला लाकडी पाय होता. माळ्यावरून फळं जिन्याने खाली आणणं जमेना, म्हणून तो ती पायऱ्यांवर ओतायचा. चांगली फळं टणाटण उड्या मारत खाली, सडकी वरच्या पायऱ्यांवरच बसून. पुढे याच युक्तीवर फळं निवडायची यंत्रं निघाली. आपल्याकडे संत्रा तळहातावर तोलून, साल दाबून पारखणारे व्यापारी ही गोष्ट ऐकून हसतील, पण कळेल त्यांना.

आपली कपाशीची काळी माती चुनखडीची, आम्लाच्या उलट बाजूला झुकलेली. त्यात हे फळ येणार नाही. तरी मागच्या पावसाळ्यात मी एका नर्सरीतून 'क्रॅनबेरीचं रोप' आणलं. मालक खात्रीने सांगत होता आणि मी, मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई, भुलले. दोन महिन्यांत त्याला जोडीजोडीने काटे फुटले. करवंद! व्यापारात करवंदालाच 'इंडियन क्रॅनबेरी' म्हणतात. केकवरची लाल 'चेरी'सुद्धा पुष्कळदा पाकात रंगवलेलं करवंदच असतं. फळ उत्तम, लोणचं फारच उत्तम, पण दोघांचं कूळ वेगळं. लाल आणि आंबट असलं म्हणजे दुहेरी टाका आलाच असं नाही.

अंबाडीचीही हीच कथा. आपली लाल अंबाडी, जिच्या बोंडांचं सरबत आणि चटणी विदर्भात होते, तिला अमेरिकेत 'फ्लोरिडा क्रॅनबेरी' असं एक नाव आहे, कारण तिच्यापासून तशीच आंबट जेली आणि सॉस बनतो. अंबाडीच्या बोंडांच्या चहाने रक्तदाब थोडा उतरतो असं दाखवणारे अभ्यास आहेत. लघवीच्या संसर्गासाठी क्रॅनबेरीला जो पुरावा आहे, तो मात्र तिच्या नावावर लावता येत नाही.

पण अंबाडीच्या सरबताची, पन्ह्याची, ताकाची, सब्जाच्या पाण्याची एक गोष्ट एकच आहे, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. ते पाणी आहे. २०१८ मध्ये १४० बायकांवरचा एक अभ्यास आला. सगळ्या वारंवार संसर्ग होणाऱ्या, आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला; बाकीच्यांना ३.२ वेळा. जवळपास निम्मा. ना साखर, ना आयात, ना पीएसीचा हिशेब. जंतू चिकटण्याआधीच लोंढ्याने वाहून जातात, एवढंच.

आणि इथे येऊन गाडी अडते. काकूंना मी पाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, "सकाळी निघालो का घरी येईस्तोर पीतच नाही जी. जायचं कुठे?" त्या तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या. शिक्षिकांसाठी एकच संडास, त्यालाही पाणी असेल तर असेल. निवृत्त झाल्या तरी सवय सुटली नाही. आमच्याकडे येणाऱ्या बस कंडक्टर, बाजारात भाजी विकणाऱ्या बाया, कोर्टात दिवस काढणाऱ्या वकीलबाई, सगळ्यांचं हेच. पाणी पीत नाहीत, कारण प्यायलं तर जावं लागेल. वरून आलेलीही दाबून धरतात. साठून राहिलेल्या लघवीत ई. कोलायची चंगळ असते. यावर कोणत्याही कॅप्सूलची मात्रा चालत नाही.

काकूंच्या रिपोर्टनुसार डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध दिलं. मी एवढंच बजावलं, की तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवायच्या नाहीत. अर्ध्या गोळ्या खाऊन मग नमुना आणला की कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, आणि दुखणं तसंच राहतं. थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर पाठीत दुखलं, उलट्या झाल्या, लघवीत रक्त दिसलं, तर घरात एक दिवसही काढायचा नाही. गरोदर बाई, लहान मूल किंवा पुरुष असेल तर जळजळ सुरू झाल्यावरच डॉक्टर गाठायचे.

"मंग या पाकिटाचं काय करू?" त्यांनी उठता उठता विचारलं. म्हटलं, चिवड्यात बेदाण्याच्या जागी टाका, नातवंडं वेचून खातील. क्रॅनबेरी चालू ठेवायची तर साखर नसलेली कॅप्सूल, तीही डॉक्टरांना विचारून, आणि गळ्यात पाण्याची बाटली.

माझं नर्सरीतलं रोप आता कमरेइतकं झालंय. या वर्षी पहिल्यांदा फळ धरलं. परवा लोणच्यासाठी मूठभर हिरवी तोडली, तर देठातून पांढरं दूध आलं आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांना अशी चिकटली की साबणाने ढिम्म हललं नाही. शेवटी खोबरेल तेल लावावं लागलं.